रंकाळ्याकडे पाठ

कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या काठाला व्हायच्या एका हॉटेलाच्या नकाशाच्या सहा शीटा होत्या. पहिल्या शीटवर थ्रीडी चित्र: तीन मजली काचेची इमारत, समोर लाल रंगाची बिनटपाची गाडी, दोन नारळ, आणि दारात एक बाई. तिच्या चपलांच्या टाचा एवढ्या उंच की आमच्या फुटपाथवर ती दहा पावलंसुद्धा चालायची नाही. मी चष्मा कपाळावर चढवून रंकाळा शोधायला लागलो. तो सापडला शेवटच्या शीटवर. एक निळी पट्टी, तिच्यावर ‘वॉटर बॉडी’ असं लिहिलेलं, आणि तिच्याकडे तोंड असलेल्या भिंतीखाली नाव होतं ‘रिअर एलिव्हेशन’. म्हणजे इमारतीची मागची बाजू.

“काका, नकाशा पास झालाय की,” आण्णाचा पोरगा म्हणाला. “आण्णा म्हणाले, कुदळ मारायच्या आधी एकदा तुमच्याकडनं बघून घे, म्हणून आलोय.”

आण्णा आणि मी एकाच तालमीतले. तो आखाड्यात असायचा, मी बाहेर कट्ट्यावर. मी आर्किटेक्ट होऊन तीस वर्षं झाली, तरी तो मला अजून ‘इंजिनेर’ म्हणूनच हाक मारतो. त्यानं पाठवलंय म्हटल्यावर बघणं आलंच. पण कागद टेबलावर ठेवून बघण्यात अर्थ नव्हता. पोराला म्हटलं, उद्या सकाळी सहाला जागेवर ये. त्याचा चेहरा पडला. सहा वाजता उठायला लावणारा सल्लागार कुणालाच आवडत नाही.

जागा रंकाळ्याच्या पश्चिम काठाला. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला फिरायची वाट, आणि वाटेपलीकडे लगेच पाणी. मला साखर निघाल्यापासून मी त्या वाटेवरून रोज जातो, त्यामुळे सकाळी तिथं कोण कोण असतं हे मला तोंडपाठ आहे. कानाला मफलर गुंडाळलेले पेन्शनर, भरतीची तयारी करणारी पोरं, नऊवारीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या दोन बहिणी, आणि एक गृहस्थ जे उलटं चालतात. तळ्याला पुरता फेरा घातला तर चार किलोमीटरच्या वर चाल होते. या सगळ्यांना या प्लॉटची जी बाजू दिसते ती नकाशातली मागची बाजू. रस्त्याकडच्या पुढच्या बाजूवरून जातात ती वाहनं, आणि वाहनात बसलेला माणूस इमारत किती सेकंद बघतो?

“आता इथं उभा राहा,” मी त्याला वाटेवर उभं केलं, “आणि शीट नंबर सहा हातात धर.”

त्यानं धरली. कंपाउंडची सात फूट उंच भिंत, वर काचा. तिच्यामागे पत्र्याची शेड, गॅस सिलिंडरची. मग भांडी धुवायची जागा, तिथून एक पाइप खाली. पुरुषांच्या संडासाच्या तीन छोट्या खिडक्या. जनरेटर. आणि भटारखान्याचा धूर काढणारा पंखा, जमिनीपासून आठ फुटांवर, तोंड सरळ वाटेकडे. आमच्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे फोडणीचा सगळा ठसका उलटं चालणाऱ्या त्या गृहस्थांच्या थेट नाकात. एरवी ते कशालाच सामोरे जात नाहीत म्हणा.

यात त्या नकाशा काढणाऱ्याची फार चूक आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर 2020 पासून राज्यात जवळपास सगळीकडे बांधकामाला एकच नियमावली आहे, धंद्यातले लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात इमारतीभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरं आहेत, प्लॉटवर एकूण किती बांधता येईल ते ठरवणारा एफएसआय आहे, पार्किंग आहे, जिन्याची रुंदी आहे. त्यानं ते सगळं इंचाइंचानं पाळलं होतं. पण इमारतीनं कुणाकडे तोंड करावं आणि कुणाकडे पाठ, हे कुणी विचारत नाही. हेरिटेज समिती आहे, पण तिचं काम वारसावास्तूंपुरतं. साध्या हॉटेलाची भिंत फिरायला येणाऱ्याला कशी दिसेल, हा प्रश्न कुठल्याच टेबलावर येत नाही, म्हणून तो राहून जातो.

दुसरीकडे येतो. दिल्लीत 1973 च्या कायद्यानं अर्बन आर्ट कमिशन आलं, ते मोठ्या प्रकल्पांचं रूप तपासतं. अमेरिकेत अटलांटा शहराभोवती जुन्या रेल्वेच्या जागेवर 22 मैलांची गोल वाट होते आहे, तिला बेल्टलाइन म्हणतात. 1999 साली रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात ती कल्पना मांडली होती. तिथं वाटेला लागून बांधायचं असेल तर वाटेलाही रस्त्याचाच मान द्यावा लागतो, तिकडे दारं-खिडक्या ठेवाव्या लागतात, आणि नकाशा आधी एका समितीपुढे जातो. समितीचं मत सल्ल्यापुरतंच असतं. तरी दहा माणसांसमोर आपली मागची भिंत दाखवायची म्हटलं की मालक आदल्या रात्री ती जरा नीट करतोच, असा माझा अंदाज.

हे पोराला सांगितलं तर तो म्हणाला, “काका, ते अमेरिकेत. आपल्याकडं कोण बघतंय?”

इथं मात्र मला चेव आला. आपल्याकडं कोण बघतंय? अरे, 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ती कुठं अडली की दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा. मग मोजणी होते, किरणांच्या मार्गातल्या इमारतींचे अडथळे काढले जातात, कुणाचा कोपरा किती आड येतो हे लोक पानाच्या टपरीवर हातवारे करून सांगतात. एखाद्याच्या गच्चीमुळे दुसऱ्याचं काय हिरावलं जातं, हे समजायला कोल्हापूरकराला कुठली पदवी लागत नाही. वर्षातून सहा दिवस आपण ते चोख बघतो. उरलेल्या दिवसांचं तेवढं राहिलंय.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, “आण्णांशी तुम्हीच बोला.”

आण्णाकडे गेलो तर मुद्दा पहिल्याच वाक्याला अडला. मी म्हटलं, भटारखाना तळ्याच्या बाजूनं हलव. तो म्हणाला, हलायचा नाही, आग्नेयेला आहे. आता पश्चिम काठावरच्या प्लॉटची आग्नेय दिशा म्हणजे नेमका तळ्याकडचा कोपरा. सगळ्या हॉटेलात जी जागा बसायला सगळ्यात चांगली, जिथं सकाळचं ऊन पाण्यावरून आत येणार, तिथं कढया आणि कांद्याची पोती. मी वास्तू मानत नाही, पण तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर ती मला मानणाऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहे. म्हटलं, “वायव्य चालतं की. विचार तुझ्या माणसाला.” त्यानं लगेच फोन लावला. स्पीकरवर टाकला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि मग, “आग्नेय पयली, ती न्हाई जमली तर वायव्य. चूल तेवढी आतल्या आग्नेय कोपऱ्यात घ्या.”

दीड मिनिटात भटारखाना चाळीस फूट हलला. मी मीटिंगांत आख्खी दुपार घालवून एक खिडकी हलवू शकलेलो नाही कधी.

वायव्येला गेल्याचा फायदा असा की सिलिंडर, भाजी, कोंबड्या, कचरा, जे काही येतं-जातं ते रस्त्यानंच येणार-जाणार. धुराडं मात्र गच्चीच्या वर नेऊन सोडायला सांगितलं, कारण वारा तोच आहे.

मग पाण्याची गोष्ट काढली, आणि इथं मी जरा वेळ घेतला. सहाव्या शीटवर भांडी धुवायच्या जागेखाली दोन बाय दोनचा एक चौकोन होता, आत ‘जीटी’ लिहिलेलं. जीटी म्हणजे ग्रीस ट्रॅप. मी विचारलं, यातून पाणी कुठं जातं? पोरानं नकाशा फिरवून फिरवून बघितला. चौकोनातून बाहेर जाणारी रेघच नव्हती.

आण्णाला मी त्याच्याच भाषेत सांगितलं. तांबडा रस्सा वाटीत घेतलास की वर तवंग येतो का नाही? आणि वाटी तशीच राहिली की तो गोठतो. ग्रीस ट्रॅप म्हणजे तीच वाटी. टाकीत मध्ये एक आडवी भिंत, वरून खाली आलेली पण तळाला न टेकलेली. पाणी तिच्याखालून पुढे जातं, तेल-चरबी वर तरंगून अलीकडेच राहते. पण भांडी गरम पाण्यानं धुतात, आणि गरम पाण्यात चरबी पातळच असते. टाकी लहान असली तर पाणी थंड व्हायच्या आत पुढे निघून जातं, आणि मग ती चरबी गटाराच्या पाइपात जाऊन गोठते. पाइप तुंबला की पाणी उताराकडे धावतं. तुझा उतार कुठंय?

“रंकाळ्याकडं,” आण्णा म्हणाला.

त्याला जास्त सांगावं लागलं नाही. लहानपणी आम्ही दोघं त्याच पाण्यात पोहलोय, आणि पुढे त्याच पाण्यावर केंदाळाचा हिरवा गालिचा बघून नाक दाबून गेलोय. काठावरच्या एका हॉटेलात गेल्या उन्हाळ्यात मी जेवायला गेलो होतो. जेवण उत्तम. हात धुवायला मागे गेलो तर मोरीचं पाणी उघड्या चरातून चाललेलं, वर पिवळी साय धरलेली, आणि कुंपणापलीकडे लोक फिरतायत. बिल देताना मालकाला म्हणालो, त्यानं बडीशेप पुढे केली. आण्णाला तो चर आठवत होता. आता टाकी मोठी, पोर्चच्या कडेला, झाकण माणसाला उघडता येईल असं, आणि तिथून पाइप सरळ रस्त्याच्या ड्रेनेजला. झाकणावर कुंडी ठेवायची नाही, हे मी शीटवर लिहून दिलं. कुंडी ठेवली की टाकी कधीच साफ होत नाही.

एवढं सुटल्यावर तळ्याकडची बाजू मोकळी झाली, आणि माझ्याहून आधी पोराचंच डोकं चाललं. “काका, तिकडनं दार केलं तर? सकाळी सहाला मिसळ आणि चहा?” मी म्हटलं, गल्ला जमेल हे खरं. पण दार म्हणजे फक्त दार राहत नाही. आधी दोन खुर्च्या बाहेर येतात, मग छत्री, मग बोर्ड, मग चालणाऱ्यानं बाजूनं जायचं. वाट तुझी नाही. दार कर, परवानगी मागून कर, पण खुर्चीचा एक पायसुद्धा तुझ्या हद्दीबाहेर दिसता कामा नये. दिसला तर मीच तक्रार करीन, आण्णाला तोंडावर सांगतो.

आण्णा हसला नाही. “तू करशीलच,” म्हणाला.

सात फुटी भिंत आणि काचा जाऊन त्या जागी काय, यावर आम्ही भांडलो. मी कट्टा म्हणत होतो. घडीव काळ्या दगडाचा, दीड फूट उंच, त्याच्याच हद्दीत पण तोंड वाटेकडे, पाठीमागे मेंदी. कुणीही बसावं, काही न मागवता. आण्णा म्हणाला, पोरं येतील, सिग्रेटी ओढतील, रात्री बाटल्या ठेवून जातील, आणि झाडायचं कुणी? हे काही खोटं नाही, बाटल्या मी रोज सकाळी बघतो. मी म्हटलं, तालमीबाहेर कट्टा नसता तर आपली ओळख झाली असती का? तो म्हणाला, तिथं वस्ताद होता, एक आवाज आला की सगळे पळायचे. इथं वस्ताद कोण? मला उत्तर सुचलं नाही. शेवटी कट्टा वीस फुटांचा ठरला, साठाचा नाही, आणि भटारखान्यातला माणूस सकाळ-संध्याकाळ झाडेल. दगड खरा घ्यायचा, दगडासारखी टाइल नको, एवढं मात्र मी वदवून घेतलं. याच काठाला शालिनी पॅलेस आहे, 1931 ते 1934 मध्ये बांधलेला, काळ्या दगडाचा. पलीकडच्या काठावरून बघा, त्याच्या कमानी आणि मनोरा दिसतो. त्याच्या शेजारपणात प्लास्टिकचा दगड लावायला लाज वाटली पाहिजे.

माझी फी म्हणून आण्णानं घरी जेवायला बोलावलं. पांढरा रस्सा तीन वाट्या झाला. साखर तपासायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

सुधारित नकाशा परवा आला. भटारखाना वायव्येला, टाकीला बाहेर जाणारी रेघ, कट्टा वीस फूट. सगळं ठीक. फक्त सहाव्या शीटवर खाली अजून ‘रिअर एलिव्हेशन’च लिहिलंय. मी लाल पेननं ‘रिअर’ खोडलं आणि ‘तळ्याकडचं’ लिहिलं. पोरानं सांगितलं, काका, सॉफ्टवेअरमध्ये ते नाव आपोआप येतं.

बोर्डाचं मात्र अडलंय. आण्णाला गच्चीवर तळ्याकडे तोंड करून बारा फुटी एलईडी बोर्ड पाहिजे, लाल अक्षरं, आत लुकलुकणारा कोंबडा. रात्री तो सगळा रंकाळ्यात उलटा दिसणार. माझं म्हणणं, चार फुटी, पिवळ्या उजेडाचा, न लुकलुकणारा, आणि दहा वाजता बंद. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. आठ फुटांवर आलाय. कोंबडा सोडायला तयार नाही.