बोट आत जातं का?

भांडं विकत घेताना आमच्या आजीची एकच परीक्षा असे. दुकानदार टिचकी मारून ते वाजवून दाखवायचा, वजन सांगायचा. आजीचं लक्ष नसायचंच. ती आत बोट घालून फिरवून बघायची. कुठे अडलं की भांडं परत. तिचं चांदीचं बोंडलं या परीक्षेत पहिलं आलं असणार. उथळ वाटी आणि पुढे पन्हळीसारखी उघडी चोच. आम्हा भावंडांची गुटी आणि वरचं दूध त्यातूनच झालं. बोंडलं राखेनं घासलं, उन्हात पालथं घातलं, की संपलं.

जुन्या इंग्लिश दूधबाटल्यांचे फोटो बघताना मला आजीच आठवत राहिली. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अशा बाटल्या जपून ठेवल्या आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ती बाटली दिसायला फार देखणी. जाड, चपटी काच, त्यावर उठावाची नक्षी. बुचातून एक काचेची नळी तळापर्यंत गेलेली, वर तिला जोडलेली हातभर रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल. बाटली पाळण्यात ठेवायची, निपल बाळाच्या तोंडात द्यायचं आणि आईनं कामाला लागायचं. बाळ आपलं आपण ओढत बसे. नावंही कशी लाडाची! कुठे ‘प्रिन्सेस’, कुठे ‘लिटल चेरब’, म्हणजे छोटा देवदूत.

रबरी नळीच्या आत मात्र बोट जात नाही. तिथे दूध साचायचं, नासायचं, आणि पुढचं ताजं दूध त्यातूनच बाळाच्या पोटात जायचं. १८६१ साली इंग्लंडातल्या घराघरांत गेलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मिसेस बीटनबाईंनी तर लिहून ठेवलं होतं, की वासराच्या सडाचं निपल एकदा नीट बसवलं की पंधरवडाभर काढायचं कारण नाही. बाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. त्यांचं पहिलं बाळ पुस्तक यायच्या आधीच गेलं होतं, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्या स्वतःही बाळंतरोगानं गेल्या. हे कळल्यावर त्यांच्यावर रागावणं मला काही जमलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. सगळा दोष बाटलीचा नव्हे. गलिच्छ वस्त्या होत्या, भेसळीचं दूध होतं. तरी डॉक्टर ओरडत राहिले आणि लोकांनी त्या बाटल्यांना चक्क ‘खुनी बाटल्या’ म्हणायला सुरुवात केली. खप मात्र होतच राहिला. का होणार नाही? ज्या बाईचे दोन्ही हात दिवसभर कामात, तिला ती नळी म्हणजे तिसरा हातच. फ्रान्सनं १९१० साली कायदाच करून नळीची बाटली बंद केली.

त्याआधीच, १८९४ मध्ये, लंडनच्या अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीनं होडीच्या आकाराची बाटली काढली होती. दोन्ही टोकांना तोंडं. एकाला निपल, दुसऱ्याला हवा आत घेणारी झडप. दोन्ही काढली की नळाचं पाणी या तोंडातून शिरून त्या तोंडातून धो धो बाहेर. ब्रशही आरपार. ही बाटली पन्नास-साठ वर्षं टिकली. आजीनं ती हातात घेऊन ‘चालेल’ म्हटलं असतं. त्यापुढचं कौतुक तिच्याकडून मिळालं नसतं.

औषधांच्या बाबतीत काच जास्त शहाणी निघाली. विषारी औषधाच्या जुन्या बाटल्या गडद निळ्या किंवा हिरव्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या. रात्री मेणबत्ती विझली असताना चुकून तीच हाती आली, तर बोटांना आधी कळावं म्हणून. इथे बोट बाहेरूनच फिरायचं. रक्त ओढायची तुंबडीसुद्धा तिकडे काचेची असे, त्यामुळे किती ओढलं ते निदान दिसायचं. स्वतःची तुंबडी भरणाऱ्यांचं तेवढंही दिसत नाही.

आपल्याकडची खरी औषधाची बाटली कंपाउंडरची. ती घरूनच न्यायची. तो त्यात लाल मिक्स्चर भरायचा, कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं कातरायचा आणि डिंकानं बाटलीवर उभी चिकटवायचा. एक दाता म्हणजे एक डोस. ताप उतरला की मी चोरून मोरीत एक दाता ओतून द्यायचे. या बाटलीचं तोंड बोटाएवढं नसायचं, म्हणून आजी आत मूठभर तांदूळ आणि गरम पाणी घालून ती कितीतरी वेळ खळखळवायची. तो आवाज आला की ओळखायचं, घरात कुणाला तरी बरं वाटलंय.

गेल्या आठवड्यात भाची तिच्या लेकाला घेऊन आली. त्याच्या पाण्याच्या बाटलीला आत स्ट्रॉ, स्ट्रॉला झडप, झडपेला रबराची टोपी. ‘रोज धुते गं मावशी,’ भाची म्हणाली. मी टोपी उचकटली. खाली काळी कड धरली होती. दोघी काही बोललो नाही. मी पाणी तापत ठेवलं आणि तांदळाचा डबा काढला. स्ट्रॉमध्ये तांदूळ जाईनात, तेव्हा तिनं पर्समधून कानातलं काढलं आणि त्याच्या दांडीनं कड खरवडायला बसली.