शेऱ्याचा रकाना

दर रविवारी रात्री जेवणे आटोपली, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी माझी दैनिक नोंधपोथी उघडून बसते. महाराष्ट्रातल्या शिक्षिका जिला टाचणवही म्हणतात तिचे हे गुजराती नाव. बडोद्यात पंचवीस वर्षे शिकवल्यावर ते जिभेवर इतके बसले आहे, की पुण्याच्या बहिणीशी बोलताना 'टाचण' हा शब्द मला आठवावा लागतो. तारीख, तास, वर्ग, मुद्दा, साधने, गृहपाठ आणि सर्वांत उजवीकडे, अंगठ्याएवढ्या रुंदीचा, शेऱ्याचा रकाना. गुजरातीत त्याला 'शेरो' म्हणतात, म्हणजे निदान या एका बाबतीत माझ्या घरच्या आणि शाळेच्या भाषेचे एकमत आहे. बाकीचे रकाने आठवडा सुरू होण्यापूर्वी भरायचे असतात आणि शेरा तास संपल्यावर लिहायचा असतो, त्यामुळे डावीकडे माझे मनसुबे असतात आणि उजवीकडे प्रत्यक्षात घडलेले.

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी या रकान्यात 'पूर्ण' याखेरीज काही लिहिले नाही. जानेवारीच्या 13 तारखेला, उद्याच्या उत्तरायणासाठी मांजा आधीच घरी येऊन पडलेला असताना, दहावीच्या वर्गाने वर्गसमीकरणातल्या मधल्या पदाची फोड समजून घेतली, असे माझी वही सांगते. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून आलेली मुले सकाळच्या पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. वहीत तेथेही 'पूर्ण'च आहे. मी स्वतः मराठी माध्यमात 'वर्गसमीकरण' शिकले आणि जन्मभर 'द्विघात समीकरण' शिकवत आले. पुढे एका वर्षी ते शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बेन, फरीथी समजावो ने." मी पुन्हा समजावले, तिने पुन्हा तेच म्हटले, तोवर घंटा झाली. त्या दिवशी प्रथमच मी शेऱ्यात लिहिले, 'फोड समजली नाही, उद्या आयतांची चित्रे काढून.' शनिवारी त्याखाली नेहमीसारखीच सही झाली. वाचले कोणीच नव्हते, पण मला मात्र तो शेरा वहीतला पहिला खरा मजकूर वाटला.

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही पुढे गेले आणि नदीतल्या मगरी वस्त्यांत दिसू लागल्या. त्या आठवड्याच्या सगळ्या रकान्यांवर मी एकच तिरपी रेघ ओढली आहे. शाळा पुन्हा भरली तेव्हा निम्म्या मुलांच्या वह्या चिखलात गेल्या होत्या, आणि तरीही पहिल्या तासाला मी काय शिकवायचे ते पंधरा दिवसांपूर्वीच ठरलेले होते. योजना करू नये असे मी म्हणत नाही. योजनेशिवाय चाळीस मुलांसमोर उभे राहणाऱ्या माणसाच्या धाडसाची मला भीतीच वाटते.

घरी नोंधपोथी नाही, पण फ्रिजवर चिकटवलेला यजमानांच्या पाळ्यांचा तक्ता आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी ती पाळी फिरते आणि तिच्यामागून आमची जेवणे, आंघोळी, भांडणेसुद्धा फिरतात. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा घरात कोणी आवाज चढवायचा नाही, म्हणून बारावीतल्या मुलाला रागवायचे ते मी पुढच्या आठवड्यावर टाकते, आणि तोवर मला रागाचे कारण आठवत नाही. या घराला शेऱ्याचा रकाना असता, तर त्यात सर्वाधिक वेळा 'पुढच्या आठवड्यात' असेच लिहिलेले सापडले असते.

माझे स्वतःचे असे जे एक काम आहे, ते याच दोन शब्दांवर सहा वर्षे तगून होते. आजेसासरे गायकवाड सरकारच्या नोकरीत कारकून होते आणि त्यांच्या हातचे मोडी कागद बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात आमच्या माळ्यावर होते. ते आपण वाचायचे, असे मी ठरवले होते. सासूबाईंना त्यात शेताचा कागद निघेल अशी आशा आहे. सयाजीराव महाराज वयाच्या बाराव्या वर्षी कवळाणे गावातून येथे दत्तक आले, त्यानंतर त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले, आणि पुढे याच माणसाने 1893 साली अमरेली तालुक्यात व 1906 साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे मी मुलांना उत्साहाने सांगते. मात्र त्यांचे बारा आणि माझे एकावन्न यांत एकोणचाळीसांचे अंतर आहे, हे वजाबाकी शिकवणारीला कोणी सांगावे लागत नाही.

अखेर या दिवाळीच्या सुटीत मी मुळाक्षरांचा तक्ता घेऊन बसले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाची तर फिकीरच नाही. तीन संध्याकाळी खर्चून मी पहिली ओळ लावली. शेत नव्हते, 'तूप' होते.

"तूप? मग भाव काय होता ते बघ," सासूबाई म्हणाल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आठच दिवस झाले होते, त्यामुळे कागद त्यांच्या हाती देण्यात अर्थ नव्हता. आकडे मला वाचता आले, परंतु त्यांच्यापुढे नुसत्या उभ्या रेघा होत्या. मी सांगितले, दोन रेघा आहेत.

"म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. एक असती तर पावली, तीन असत्या तर पाऊण." आणि डोळे मिटूनच त्यांनी लहानपणी पाठ केलेली पाऊणकी म्हणायला सुरुवात केली. पाऊण गुणिले सात सव्वापाच होतात हे मला मनाशी पडताळून पाहावे लागले, तोवर त्या नवावर पोहोचल्या होत्या.

"आई, पुन्हा एकदा सांगा ना," मी म्हणाले.

"अगं, गणिताची मास्तरीण ना तू?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.