पोस्टग्रेस उठेना: शेअर्ड मेमरीच्या मर्यादा वाढवताना आलेला अनुभव

जुन्या सर्व्हरची रॅम ६४ जीबी केली, तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचे शेअर्ड बफर्सही, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेसेसनी मिळून डेटा हाताशी ठेवायला वापरायची मेमरी, १६ जीबीवर न्यायचे ठरले. आवृत्ती बदलायची सोय नव्हती, वरचं ॲप्लिकेशन तिलाच चिकटलेलं. रीस्टार्ट केलं तर सर्व्हिस उठेचना. लॉगमध्ये 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'.

हे येणार हे माहीत होतं. ही आवृत्ती सुरू होतानाच सगळी शेअर्ड मेमरी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, एकरकमी मागते, आणि अशा मेमरीच्या एका तुकड्याची, म्हणजे सेगमेंटची, कमाल मर्यादा, म्हणजे एसएचएम-मॅक्स, जुन्या कर्नलमध्ये मुळात फक्त ३२ एमबी. आमच्याकडे कुणीतरी पूर्वी ती ४ जीबी करून ठेवली होती. नवा आकडा अंदाजाने टाकावा लागत नाही. लॉगमधल्या डिटेलच्या ओळीत मागणी बाइटपर्यंत लिहिलेली असते. ती १६ जीबीच्या थोडी वरच निघते, कारण लॉक टेबल, कनेक्शन्स यांची जागाही त्यातच. मी ऐसपैस १८ जीबी धरले: १९३२७३५२८३२.

पुन्हा स्टार्ट. आता 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. सहकाऱ्याने लगेच डिस्क तपासली, ती अर्धीही भरलेली नव्हती. गंमत म्हणजे त्याच एररखालच्या हिंटमध्ये 'डिस्क संपली असा याचा अर्थ नाही' असं बजावलेलं असतं, आणि त्यातल्या 'नाही'च्या दोन्ही बाजूंना चांदण्या! लिहिणाऱ्याने असे किती जण पाहिले असतील कोण जाणे.

इथे संपलेली असते ती एसएचएम-ऑल, म्हणजे सगळ्या सेगमेंट्सची मिळून मर्यादा. ती बाइटमध्ये नाही, पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठराविक मापाच्या तुकड्यांत, मोजतात. आमच्याकडे डिफॉल्ट २०९७१५२ होता. दिसायला भलामोठा, पण पेज ४०९६ बाइटचं, म्हणजे झाले जेमतेम ८ जीबी. १८ जीबीला ४०९६ ने भागलं, ४७१८५९२ आले. मशीनवर आणखी कुणी शेअर्ड मेमरी घेत असेल तर त्याचा वाटाही यात धरावा लागतो. शेअर्ड मेमरी कुणी घेतलीय ते दाखवणारी आयपीसीएस कमांड चालवून पाहिली, तसं कुणी नव्हतं.

दोन्ही आकडे सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, कॉन्फ फाइलमध्येच लिहिले. नुसत्या कमांडने बदलले तर रीबूटला उडतात. फाइल लागू केली आणि पोस्टग्रेस मुकाट्याने उठलं.

२०१३ च्या ९.३ पासून पोस्टग्रेस बहुतेक मेमरी एममॅप या वेगळ्या मार्गाने, या मर्यादांबाहेरून, घेतं आणि लिनक्स ३.१६ पासून या दोन्ही मर्यादांचे डिफॉल्टच अवाढव्य आहेत. त्यामुळे नव्या मशीनवर कुणी हे आकडे बदलायला सांगितलं, तर आधी आवृत्ती विचारा.