चष्म्यातले तिसरे लेणे

आज एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा (डोळ्यांसमोर आभासी जग उभे करणारा) चष्मा लावून मी नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसरे लेणे पाहिले. एरवी मान उंचावूनही धड न दिसणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी शिलालेख तेथे अक्षर न् अक्षर स्पष्ट दिसला, आणि त्यासाठी भिंतीला कोणाचाही हात लागला नाही. (दगडावर स्वतःचे नाव कोरणाऱ्या वीरांची आपल्याकडे उणीव नाही.) फ्रान्समधील लास्को गुहेतील चित्रे प्रेक्षकांच्या श्वासांमुळे बिघडू लागली, म्हणून ती गुहा १९६३ मध्ये बंद करावी लागली, १९८३ पासून लोक तिची प्रतिकृती पाहतात. अजिंठ्याच्या चित्रांनाही गर्दीच्या दमटपणाचा असाच धोका आहे.

मात्र हा चष्मा लोकांना घरी बसवील, असे मला वाटत नाही. उलट मूळ जागा पाहण्याची ओढ त्याने वाढेल. या चष्म्यापेक्षा नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (समोरच्या खऱ्या दृश्यावर डिजिटल खुणा दाखवणारे तंत्र) अधिक कामी येईल, असे माझे मत आहे. गोदास्नान काही पडद्यावर होत नाही, पण रामकुंडाकडेच लोटणाऱ्या यात्रेकरूला मोबाइलच्या कॅमेऱ्यात समोरच्याच रस्त्यावर बाण उमटवून कमी गर्दीच्या घाटाकडे, जवळच्या पाणपोईकडे आणि कचराकुंडीकडे नेता येईल.