तुम्ही विचारलंत म्हणून : ठासणीच्या बंदुकीची नळी किती इंचांची?

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटकडच्या आमच्या भागात पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेली माणसे मोजकीच आहेत. त्यातल्या कोणाला नवी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडून भरायची, बंदूक करवून घ्यायची असली, की तो एकदा तरी माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि चहा संपता संपता विचारतो, ‘‘काकाजी, कारखानेवाला नळीची लांबी विचारून राहिला. किती सांगू?’’ बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. जितकी लांब देता येईल तितकी द्यावी, म्हणजे मार लांब जाईल, असे त्यांना वाटत असते. मीही एकेकाळी हेच धरून चाललो होतो आणि त्यापायी ४४ इंची नळीची बंदूक पदरात पाडून घेतली होती. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

लांब नळी म्हणजे लांब मार, या समजात तथ्य आहे. पण ते एका मर्यादेपर्यंतच. काळी दारू, म्हणजे या बंदुकीत ठासायची स्फोटक पूड, फार झपाट्याने जळते. तिच्या वायूचा सगळ्यांत मोठा दाब गोळी बुडाजवळ असतानाच येऊन जातो. गोळी पुढे सरकते तसतशी तिच्यामागची जागा वाढते आणि दाब पडत जातो. त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस इंचांत गोळीला जो वेग मिळतो, त्याच्या तुलनेत तिशीच्या पुढच्या प्रत्येक इंचाने मिळणारी भर अगदी किरकोळ असते. छर्ऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक गैरसमज आहे. लांब नळीतून छर्रे कमी पसरतात असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. पण छर्ऱ्यांचा फैलाव नळीचे तोंड किती आवळलेले आहे यावर आणि भरणी कशी केली यावर ठरतो. तोंड सरळ असेल, तर ३० इंची नळी आणि ४४ इंची नळी यांच्या फैलावात तुम्हाला फरक ओळखता येणार नाही. शिवाय नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळीला फिरकी मिळत नाही, आणि चाळीस-पन्नास पावलांच्या पलीकडे नेमाचा भरवसा नळी वाढवून वाढत नाही.

मग जुन्या बंदुका एवढ्या लांब का असत, हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. आमच्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेशी नागपूरकर भोसल्यांची लढाई झाली. त्या काळात इंग्रजी फौजेत जी ‘इंडिया पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी बंदूक रुळत चालली होती, तिची नळी ३९ इंचांची होती, आणि ती आधीच्या ४६ व ४२ इंची नळ्यांहून आखूड केलेली होती. एवढ्या लांबीचे कारण फक्त मार हे नव्हते. शिपाई रांगांमागे रांगा लावून उभे राहत. मागच्या रांगेच्या बंदुकीचे तोंड पुढच्या शिपायाच्या कानाच्या पुढे जाणे गरजेचे होते, आणि नळीला संगीन चढवली की तिने भाल्याचे काम करावे लागे, तेही समोरच्या घोडेस्वारापर्यंत पोचेल असे. हरभऱ्याच्या वावरात एकट्याने जागल करणाऱ्या माणसाला यातली एकही गरज नसते.

लांब नळीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करतो. आपल्या बंदुकीवर पुढे फक्त एक माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा बारीक मणी, असते. मागचा नेम म्हणजे आपला डोळा. डोळा दोन मिलिमीटर चुकला आणि माशी डोळ्यापासून एक मीटरवर असली, तर चाळीस मीटरवर आठ सेंटिमीटरची चूक होते. माशी पाऊण मीटरवर असेल, तर तीच चूक साडेदहा सेंटिमीटरच्या पुढे जाते. हा फायदा खरा आहे, पण तो वजनाच्या मोबदल्यात मिळतो. १२ बोअरची नळी (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप), पुढच्या भागात भिंतीची जाडी दोन मिलिमीटर, असे धरून मी एकदा हिशेब केला होता. दर इंचाला साधारण पंचवीस ग्रॅम पोलाद लागते. म्हणजे बारा इंच वाढवले की तीनशे ग्रॅम वाढले, आणि तेही हातापासून सर्वांत दूरच्या टोकाला. वजन टाळण्यासाठी नळीची भिंत पातळ करायला सांगणारेही भेटतात. त्यांना मी चहाही पाजत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही बंदूक तोंडाकडून भरायची असते, हे लांबी ठरवताना लोक हटकून विसरतात. दस्ता जमिनीवर टेकवून दारू ओतायची, डट्टा (बोळा) घालायचा, गजाने ठासायचे, आणि हे सगळे करताना आपले तोंड नळीच्या तोंडासमोर येता कामा नये. दस्ता आणि कळ (चाप-घोड्याचा भाग) यांची मिळून नळीच्या मागे साधारण पंधरा इंच लांबी धरावी लागते. माझी उंची पाच फूट चार इंच, म्हणजे चौसष्ट इंच. माझ्या त्या बंदुकीची लांबी चव्वेचाळीस अधिक पंधरा, म्हणजे एकोणसाठ इंच झाली होती. उभे राहून भरायला घेतले की नळीचे तोंड नेमके माझ्या ओठांपाशी येई. बंदूक तिरपी धरून, मान बाजूला काढून मी कशीबशी भरत असे, आणि गज बाहेर ओढताना हात डोक्याच्या वर जाई.

याचा खरा हिसका बसला तो माळ्यावर, म्हणजे वावरातल्या जागलीच्या मचाणावर. आमचा माळा चार बल्ल्यांचा, वर पऱ्हाटीचे छप्पर, आत बसायला पुरे पण उभे राहायला नाही. हरभरा घाट्यावर आला होता. मध्यरात्री धुऱ्याकडून रानडुकरांचा कळप शिरला आणि मी नुसत्या दारूचा बार काढला. कळप उधळला. दुसरा बार भरायला गेलो, तर गज छपराला अडू लागला. शेवटी अंधारात शिडी उतरून खाली आलो, आणि खाली उभा राहून ठासत असतानाच कळप दुसऱ्या अंगाने परत वावरात आला. सकाळी पाहिले, तर जणू दोन तास नांगर फिरवल्यासारखी माती उकरलेली होती. बत्तीस इंची नळी असती तर मी बसल्या जागी, बंदूक माळ्याच्या कडेबाहेर तिरपी सोडून भरू शकलो असतो. (येथे एक खुलासा करून ठेवतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. परवाना बंदुकीचा असतो, प्राणी मारण्याचा नसतो. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. माझे बहुतेक बार आवाजापुरतेच असतात.)

‘‘मग ती कापून का नाही घेतली?’’ असे कोणीतरी विचारतेच. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करणे हे काम त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय कोणालाच करता येत नाही. गावातल्या लोहाराकडे करवतीने इंचभर जरी कापले तरी तो गुन्हा आहे. शिवाय परवान्यावर बंदुकीची नोंद असते. याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगवेगळा उल्लेख आहे. तेव्हा अर्जात काय लिहिले आहे आणि कारखान्याला काय सांगितले आहे, हे जुळवूनच मागणी नोंदवावी.

फार आखूड नळीही मी सुचवत नाही. पंचविशीच्या खाली गेले की आवाज आणि जाळ कानाजवळ येतो, बंदूक हलकी पडून खांद्याला धक्का जोरात बसतो, आणि अंधारात कोणी शेजारी बसलेले असेल तर त्याच्याकडे तोंड वळण्याचा धोका वाढतो.

निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हाची एक किरकोळ गोष्टही हिशेबात घ्यावी. एकोणसाठ इंचांची बंदूक खोळीत घालून मोटारसायकलवर मागे कोणाला तरी आडवी धरून बसवावी लागते, आणि बाजारच्या दिवशी त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंची माणसे शिव्या देतात.

म्हणून मला विचारणाऱ्याला मी आकडा लगेच सांगत नाही. त्याला भिंतीला टेकवून उभे करतो आणि जमिनीपासून काखेपर्यंतची उंची टेपने मोजतो. त्यातून दस्ता-कळेचे पंधरा इंच वजा करतो. माझ्या उंचीच्या माणसाची काख साधारण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस इंचांवर येते, म्हणजे नळी बत्तीस-तेहेतीस इंच. सहा फुटी माणसाला छत्तीसपर्यंत चालते. त्याच्या पुढे मी कोणालाच जाऊ देत नाही. मग ठरलेल्या पूर्ण लांबीचा एक बांबू कापायला लावतो आणि सांगतो, की मागणी नोंदवण्याआधी तीन रात्री हा माळ्यावर घेऊन बसा, अंधारात दुसरी काठी गज समजून वरखाली करून पाहा, आणि छपराला किती वेळा लागते ते मोजा. मागच्या महिन्यात एकाने चाळीसचा हट्ट धरला होता. तिसऱ्या सकाळी तो तोच बांबू सहा इंचांनी कमी करून घेऊन आला.