अण्णांचा ॲडिसन: निदान होईपर्यंतचा माझा अनुभव

अण्णांचं वजन उतरत होतं, जेवण जात नव्हतं, सकाळी उठून उभं राहिलं की चक्कर. तालुक्याच्या गावी एंडोस्कोपी, सोनोग्राफी, शुगर, थायरॉईड सगळं झालं. काहीच निघालं नाही, तेव्हा मनाचा आजार ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या. रंग काळवंडला होता, पण रानात राबणाऱ्या माणसाचा रंग कोण बघतो?

पुण्यातल्या फिजिशियन मॅडमनी फाईल बाजूला सारून आधी तळहात पाहिले. रेघा काळ्या. मग हिरड्या, तिथेही काळे डाग. "उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत," एवढंच म्हणाल्या. झोपवून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं: वरचा आकडा ११० वरून ८४. मीठ जास्त लागतं का, विचारल्यावर आई म्हणाली, "अहो, लोणच्याचा खार भातावर ओतून घेतात!" मग फाईल उघडली. जुन्याच रिपोर्टात सोडियम १२४, म्हणजे कमी; पोटॅशियम ५.८, म्हणजे जास्त.

ॲडिसनचा संशय. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी बंद पडल्या की अंगात मीठ टिकत नाही, बीपी पडतं. त्यांना चालना द्यायला मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक वाढवत राहते आणि त्यानेच कातडी काळवंडते. लंडनच्या थॉमस ॲडिसननी १८५५ साली हा आजार मांडला, तेव्हा कुठली कॉर्टिसॉलची, म्हणजे ॲड्रिनलमधल्या संप्रेरकाची, तपासणी!

ही तपासणी सकाळी आठला, कारण कॉर्टिसॉल तेव्हा भरपूर असायला हवं. मग एसीटीएचचं इंजेक्शन, तासाने पुन्हा रक्त. ते घेतल्या घेतल्या कॉर्टिसॉलची जागा घेणारं औषध, हायड्रोकॉर्टिसोन, सुरू केलं. अशा पेशंटला रिपोर्ट येईपर्यंत ताटकळत ठेवत नाहीत. कॉर्टिसॉलचे इंजेक्शनआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे अगदी तळाला होते.

सीटीत दोन्ही ग्रंथी सुजलेल्या. टीबी या ग्रंथींतही शिरतो, म्हणून मला वाटलं, टीबीच, झालं. मॅडम थांबल्या. हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही सीटीत अशीच दिसते आणि तिचं औषध वेगळं. सुईने तुकडा काढून तपासला, तेव्हा टीबी पक्का झाला.

एकेटीतल्या, म्हणजे टीबीच्या औषधांतल्या, रिफॅम्पिसिनमुळे लिव्हर हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपवतं, म्हणून त्याचा डोस वाढवला. एकेटी संपेल, हायड्रोकॉर्टिसोन मात्र जन्मभर. ताप आला तर डोस दुप्पट; उलट्या होऊन गोळी टिकली नाही तर इंजेक्शन घेऊन थेट दवाखाना. तशी चिठ्ठी अण्णांच्या खिशात असते. मीठ टिकवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन आमच्या तालुक्यात मिळत नाही, ती पुण्याहून मागवतो, संपायच्या बरीच आधी.