स्पीडब्रेकरपुढे सगळे सारखे

रस्त्यावरचा कुठलाही नियम आमच्या पुण्यात आधी वादाला येतो, मग अंमलात. हेल्मेटच्या विरोधात तर इथे मोर्चे निघालेत. लाल सिग्नलला थांबायचं की नाही, हे चौकात मामा उभे आहेत का ते बघून ठरतं. एकेरी रस्त्याचं बोलूच नका. 'इथल्या इथे तर जायचंय' म्हणत माणसं बिनधास्त उलटी येतात आणि वर आपल्याकडेच डोळे वटारतात. हुज्जत चालत नाही ती फक्त स्पीडब्रेकरशी. काळ्या काचांची आमदारांची गाडी असो की पाण्याचा टँकर, तिथे ब्रेक लागतोच.

त्याचंही शास्त्र आहे बरं का. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापानुसार उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, ताशी 25 किलोमीटरने गाडी अलगद वर चढून उतरावी. आधी पाटी हवी, अंगावर पट्टे हवेत. आमच्या गल्लीतल्याला यातलं काही ठाऊक नाही. कुठल्याशा कामातलं उरलेलं डांबर रात्रीत आडवं ओतलं, झालं! पहिले काही दिवस लोक त्यावर आदळतात, मग तो पाठ होतो. गटाराच्या कडेला पाणी जायला वीतभर जागा सोडलीय, तर यच्चयावत दुचाक्या तिथूनच. मागे बसलेल्या काकू पाय आखडून घेतात आणि पिशवीतली कोथिंबीर भिंतीला घासत जाते. रिक्षावाले तिरकी घालून एकेक चाक उतरवतात; ते कसब बघण्यासारखं असतं.

राष्ट्रीय महामार्गांवरचे स्पीडब्रेकर काढा, असं केंद्र सरकारने 2016 मध्येच सांगितलं. रास्तच आहे, भरधाव गाडीपुढे अचानक उंचवटा म्हणजे अपघाताला आमंत्रण. पण पेपरच्या आतल्या पानावर ती बातमी येतच राहते: शाळेतून घरी निघालेलं पोर ट्रकखाली सापडलं, संतप्त ग्रामस्थांचा रास्ता रोको, अधिकाऱ्यांच्या आश्वासनानंतर आंदोलन मागे. आश्वासन बहुतेकदा स्पीडब्रेकरचं. भुयारी मार्ग मागितला तर तो पोराची पोरं शाळेत जाईपर्यंत व्हायचा नाही, आणि 'वाहने सावकाश हाका' ही पाटी वाचून कोण सावकाश हाकतं? त्या गावकऱ्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गल्लीतल्यांचं मात्र तसं नाही. इथे स्पीडब्रेकर ही लोकप्रतिनिधीने दाखवायची कामगिरी. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं पुण्याच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार. पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं कळेना. स्पीडब्रेकर तेवढे उगवत राहिले, आणि शेजारच्या खांबावर 'भावी नगरसेवक' हात जोडून हसत राहिले.

मला विचाराल तर शाळेसमोरचा राहू द्या, मंगल कार्यालयासमोरचा काढा; तिथे वरातीमुळे वाहतूक तशीही थांबलेलीच असते. पण बसवायला एक फोन पुरतो, काढायचा म्हटलं की कुणाचं ना कुणाचं पोर आडवं येतं. तो जातो फक्त निवडणुकीच्या तोंडावर, नवं डांबरीकरण झालं की. रस्ता कसा गुळगुळीत होतो! संध्याकाळी कॉलेजची पोरं त्यावरून सुसाट निघतात, आणि रात्रीच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो: 'इथे ताबडतोब स्पीडब्रेकर हवा. सर्वांनी सह्या कराव्यात.'